कोणतं दार?

रकानाबाईचा पाय टेबलाखाली हलायला लागला, की सगळ्या खोलीला कळायचं, आज कुठला तरी कागद हिला चावलाय. त्या दिवशी तो पाय सकाळी साडेदहापासून हलत होता.

"अहो बाई, इमारत जुनी आहे," समोरचा कारकून म्हणाला. "तुमच्या पायानं पडायची."

"पडू दे. तेवढ्यानं तरी तुम्ही खुर्चीतून उठाल."

कारकुनानं डोकं फायलीत घातलं. रकानाबाईच्या तोंडी लागून कुणी जिंकल्याचं त्या आरोग्य कार्यालयात कुणाला आठवत नव्हतं. नाव सोळा वर्षांपूर्वीच पडलेलं. शहरातल्या सगळ्या दवाखान्यांतून जखमी माणसांची गुलाबी कार्डं तिच्याकडे यायची, आणि कार्डावरचं 'कसं लागलं' वाचून शेवटच्या रकान्यात एक आकडा टाकायचा, एवढं तिचं काम. कामावर लागलं तर एक, घरी दोन, रस्त्यावर तीन, बाकी सगळ्याला चार. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण त्या एकाच्या आकड्यात दम होता. एकाच कारखान्याचे पाच 'एक' एका तिमाहीत जमले, की तिथे तपासणी आपोआप लागायची. कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही, कुणाला विचारायचं नाही. म्हणून ही बाई रकाना कधी रिकामा सोडायची नाही आणि दुसऱ्याला सोडू द्यायची नाही. स्वतःचं पोरगं जरी कार्यालयात डबा द्यायला आलं, तरी आवक वहीत सही करून जा म्हणणारी ही.

तर तिच्या हातात त्या दिवशी कार्ड होतं: 'उजव्या हाताची दोन बोटं चेचली. दारात सापडून.'

दारात सापडून! या तिमाहीतलं हे चौदावं. आता दारं बोटं खातात, हे काही नवं नाही. वाऱ्याच्या दिवसांत महिन्याला एखाददुसरं यायचंच, आणि तेही बहुतेक लहान मुलांचं. पण चौदा? मागचे तेरा तिने स्वतःच्या हातानं 'दोन' म्हणून नोंदवले होते. नुसते नोंदवले नव्हते, त्यावर डोकंही चालवलं होतं. घरात दारं फार लागताहेत, लोकांना सांगायला हवं, असं तिनंच साहेबांना सुचवलं. घोषणाही तिचीच: 'दार नीट लावा, बोटं वाचवा!' साहेबांना ती इतकी आवडली की दोन हजार कागद छापून दवाखान्या-दवाखान्यांत लागले, वरच्या बैठकीत शाबासकी मिळाली, आणि रकानाबाईचं नाव चक्क कौतुकाच्या पत्रात आलं. ते पत्र तिनं घरी भिंतीवर लावलं नाही, पण कपाटात सगळ्यात वर ठेवलं.

कागद लागून महिना झाला. दारं मात्र खातच होती.

ती उठली, पाणी प्यायली, बसली. परत उठली. चौदा कार्डं टेबलावर पसरली आणि उभ्याउभ्याच वाचायला लागली. चौदाही बायका, एकही मूल नाही. सगळ्यांचा उजवा हात. आणि वेळ? सकाळी अकरा, सव्वाअकरा, नाहीतर दुपारी चारच्या आसपास. घरची दारं काय घड्याळ बघून बंद होतात? हे तिला आधी दिसलं कसं नाही? एकेक कार्ड आलं, एकेक आकडा टाकला. चौदा एकत्र कधी पाहिलीच नाहीत.

ती कार्डं घेऊन साहेबांकडे गेली.

"बाई," साहेब म्हणाले, "उद्या तिमाही बंद होतेय, आणि आज तुम्हाला दारं खुपायला लागली?"

"साहेब, ही घरची दारं नाहीत."

"मग कुणाची?"

"तेच कळत नाहीये."

"कळलं की सांगा. पुढच्या तिमाहीत आपण खिडक्यांचं घेऊ." साहेब माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला झालेलं काम पुन्हा होताना बघवत नसे.

संध्याकाळी ती घरी आली ती पायात भिंगरी घेऊनच. स्वयंपाकघरात धाकटी जाऊ कांदा चिरत बसली होती. या दोघी जावा, पण भांडण सख्ख्या बहिणींचं. धाकटी या घरात आली तेव्हा तिला धड भात लावता येत नव्हता आणि थोरलीनं तो शिकवला, हे थोरली अजून आठवड्यातून एकदा ऐकवायची. तीन वर्षांपूर्वी धाकटी डब्यांच्या कारखान्यात लागली, पत्र्यातून झाकणं ठोकून काढणाऱ्या प्रेस मशीनवर. तेव्हापासून तिलाही ऐकवायला सापडलं होतं. तुमचं काय बाई, खुर्चीतलं काम, आम्ही हाडं मोडतो.

"ताई, तुमच्या हापिसाचा कागद आज आमच्याकडे लागला होता," धाकटी म्हणाली.

"तुमच्याकडे? कारखान्यात? कशाला?"

"कशाला म्हणजे? आमच्यासाठीच तर काढलाय! हात बांधलेली एक जण दवाखान्यातून घेऊन आली आणि चार नंबरच्या प्रेसवर चिकटवला. बाया इतक्या खूश झाल्या म्हणून सांगू! म्हटलं, शेवटी कुणीतरी लिहिलं गं बाई, दार लावा म्हणून. मग मुकादम आला. वाचला आणि टराटरा फाडला. म्हणतो, दार लावलं तर माल काय तुमचा बाप काढणार?"

रकानाबाई हात धुवत होती. नळ तसाच चालू राहिला. "दार लावण्याचा आणि मालाचा काय संबंध गं?"

"अहो, प्रेसचं दार!" धाकटीनं ताटली उचलून हातासमोर उभी धरली. "हे बघा, पुढे असं जाळीचं दार असतं. पत्रा आत ठेवायचा, हात बाहेर काढायचा, दार खाली आलं की मगच वरून ठोका पडतो. दार वर असेल तर ठोका पडायचाच नाही, तसं मशीनच केलेलं. पण त्यात वेळ जातो ना. म्हणून या दोनतीन महिन्यांत दारं वर तारेनं बांधून टाकलीत, आणि आतलं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलंय. आता पाय दाबला की ठोका. हात आत असो नाहीतर बाहेर."

"आणि बोट सापडलं की?"

"दारात सापडलं म्हणायचं. आमच्यात पहिल्यापासून तसंच म्हणतात. पूर्वी खरंच दारात सापडायचं, जरासं नख चिमटायचं, फुंकर मारली की झालं. आता ठोक्याखाली जातं, पण शब्द तोच. मुकादम तर मुद्दाम सांगतो, दवाखान्यात खोटं अजिबात बोलायचं नाही हां, दारात सापडलं असं खरं खरं सांगायचं."

रकानाबाईनं नळ बंद केला. मग तिची नजर सुरी धरलेल्या उजव्या हाताकडे गेली. धाकटीच्या पहिल्या बोटाचं नख अर्धंच उगवलं होतं, वाकडं.

त्या नखाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. दोन महिन्यांपूर्वी सगळे कामावरून परतले तेव्हा धाकटी बोटाला पट्टी बांधून बसलेली. काय झालं? तर दारात सापडलं. लगेच तिचा नवरा उठला, "त्या न्हाणीच्याच दारात ना? मी कधीचा सांगतोय, ते दार आपटतं!" आणि रात्रीच्या जेवणाआधी त्यानं न्हाणीच्या चौकटीला जाड रबर ठोकलंसुद्धा. चार दिवसांनी धाकटीचं गुलाबी कार्ड रकानाबाईच्या टेबलावर आलं. एरवी ती क्षणभर तरी थांबायची, त्या कार्डाला तेवढीही थांबली नाही. घरचीच गोष्ट, आपल्याला माहीत नाही होय? 'दोन'. या तिमाहीतलं पहिलं दार ते. त्यावरूनच तर घोषणा सुचली होती.

"तुझं बोट," ती म्हणाली. "ते न्हाणीच्या दारात नव्हतं."

धाकटीनं सुरी खाली ठेवली. "मी न्हाणी म्हणाले होते का? मी दार म्हणाले. न्हाणी तुमच्या दिरांनी काढली."

"मग तोंड का शिवलं होतंस?"

"काम सोड म्हणाला असतात सगळे! तुम्ही सगळ्यात आधी. मला सोडायचं नव्हतं. आणि ताई, तुम्ही तर सोळा वर्षं हेच बघता ना, कुणाला कसं लागलं ते? काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला कुठं विचारलंत, कोणतं दार म्हणून?"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! मशीन बोटं चेचतंय आणि आपण न्हाणीला रबर ठोकतोय, वर दोन हजार कागद छापतोय. रकानाबाईला लाजेनं कान तापल्यासारखे झाले. तेवढ्यात तिला सकाळचं चौदावं कार्ड आठवलं.

"उद्या कुठल्या मशीनवर आहेस?"

"चार नंबर. त्यावरच्या बाईची परवा दोन बोटं गेली ना."

"उद्या जाऊ नकोस."

"वा! आणि माझ्या जागी दुसरी बसेल तिचं काय? तिला बोटं नाहीत?" धाकटीनं कांदा पुन्हा पुढ्यात ओढला. "दार खाली करायची काही युक्ती असेल तर ती करा. नाहीतर मला अडवू नका."

युक्ती एकच होती. पाच कार्डं दुरुस्त करायची, 'दोन'चे 'एक' करायचे, कारखान्याचं नाव घालायचं. पण दुरुस्तीला जखमी माणसाची सही लागते, आणि तिमाही उद्या पाचला बंद. मग ही चौदा कार्डं कायमची 'दोन', आणि पुढचे पाच 'एक' जमेपर्यंत अजून किती बोटं जाणार? रात्रभर तिनं इतक्या कुशी बदलल्या की शेवटी नवरा उशी उचलून बाहेरच्या खोलीत गेला.

सकाळी कार्यालयातून कार्डं आणि शिक्का मारलेले दुरुस्तीचे कागद उचलून, खुर्चीत न बसताच ती मोठ्या दवाखान्यात गेली. तिथल्या पट्ट्या बदलायच्या खोलीत शुक्रवारी जुने जखमी येतात, हे तिला कार्डांवरून माहीत होतं. माणसं मात्र ती पहिल्यांदाच बघत होती. पट्टीवाला वीस वर्षं तिथं होता.

"तुम्ही यांना विचारता तरी काय?" तिनं त्याला पहिलंच विचारलं.

"काय विचारणार? कुठं लागलं? ते म्हणतात, बोटाला. कशानं लागलं? ते म्हणतात, दारात सापडलं. झालं की."

"कुठं म्हणजे कुठल्या जागी, असं नाही विचारत?"

"बाई, ज्याचं बोट लोंबतंय त्याला कुठं लागलं विचारलं तर तो बोटच दाखवणार. पत्ता सांगेल होय?"

बरोबरच होतं त्याचं. ती एक स्टूल ओढून दाराशी बसली आणि हाताला पट्टी असलेली प्रत्येक बाई आली की एकच प्रश्न विचारायला लागली. "कोणतं दार?"

पहिली बाई तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "दोन नंबरचं." दुसरी म्हणाली, "चारचं. कोण तुम्ही? आजवर कुणी विचारलं नव्हतं." दोघींनीही सही दिली. तिसरीनं आणि चौथीनं फारसं न बोलता डाव्या हातानं वेड्यावाकड्या सह्या केल्या. पाचवीनं नकाराची मान हलवली, तिची बहीण त्याच कारखान्यात होती, तिचं काम गेलं असतं. सहावीनं तर कार्ड पाहताच पाय काढता घेतला. आणि वॉर्डातली, ती दोन बोटांवाली, भिंतीकडे तोंड करून झोपली होती. तिला रकानाबाईनं उठवलं नाही. तेवढी माणुसकी शिल्लक होती तिच्यात.

साडेबारा वाजले. चार सह्या. पाचवी कुणाची, हे तिला आदल्या संध्याकाळपासूनच माहीत होतं. उगाच दुसरीकडे शोधत होती, एवढंच.

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला तेव्हा ती कारखान्याच्या फाटकाशी होती. तोवर आतून येणाऱ्या ठोक्यांनी फाटकाचे गज थरथरत होते, आणि प्रत्येक ठोक्याला तिचे खांदे उडत होते. धाकटी बाहेर आली. रकानाबाईनं आधी तिचे दोन्ही हात पाहिले, मग तोंड.

"ही सही कर."

"केली की मुकादम मला उद्या घरी बसवणार. माहितेय ना?"

"माहितेय."

"बरं." धाकटीनं कागद घेतला. सही करण्याआधी वाचला. बाकीच्या चौघींनी वाचला नव्हता. "हे काय?" ती म्हणाली. "'दुरुस्तीचं कारण: रुग्णाने चुकीची माहिती दिली.'"

"तो शिक्का आहे. सगळ्या दुरुस्त्यांवर तोच मारतात."

"मी चुकीची माहिती दिली?"

"अगं, ती पद्धत आहे..."

"मी दार म्हणाले होते! त्या चौघीही दारच म्हणाल्या. खरं तेच सांगितलं आम्ही, आणि बोटं आमचीच गेली, आणि वर चूकही आमचीच?" धाकटीचा आवाज चढला. फाटकावरचा पहारेकरी बघायला लागला. "मी नाही सही करत जा. आधी कुणाची चूक ते लिहा."

सोळा वर्षांत रकानाबाईनं तो शिक्का किती कागदांवर मारला असेल? एकदाही वाचला नव्हता. शिक्का वाचतं कोण! आणि दुसरं काही लिहायचं म्हणजे ते कौतुकाचं पत्र, ती शाबासकी, सोळा वर्षांचं नाव, सगळंच आलं. वर खुलासा द्यावा लागणार तो वेगळाच. तिला राग आला. धाकटीचा, मुकादमाचा, पट्टीवाल्याचा. मग एकेक करून सगळ्यांवरचा उतरला आणि उरला तो स्वतःवरचाच.

तिनं फाटकाच्या गजावर कागद टेकवला, शिक्क्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'नोंद करणाऱ्याने विचारलं नाही.' पाचही कागदांवर लिहिलं. खाली आपलं नाव घातलं, पूर्ण.

धाकटीनं वाचलं. वाकड्या नखाच्या बोटानं पेन धरून सही केली. भोंगा झाला.

"थांब, आजच्या दिवस तरी..." रकानाबाईनं तिचा दंड धरला.

"ताई, दार अजून वरच बांधलंय," धाकटी दंड सोडवत म्हणाली. "पळा तुम्ही."

ती पळाली. या वयात, चपला हातात घेऊन पळाली. साहेब जेवून नुकतेच टेकले होते. त्यांनी पाच कागद वाचले, परत वाचले.

"बाई, हे तुम्ही काय लिहिलंय? स्वतःच्या हातानं? वर खुलासा मागतील. ते पत्र परत घ्यावं लागेल."

"घ्या. कपाटात आहे, सोमवारी आणून देते."

"पाच आहेत?"

"पाच."

साहेबांनी सुस्कारा सोडून फोन उचलला. पाच म्हटल्यावर त्यांच्याही हातात काही नव्हतं. बोलून झाल्यावर म्हणाले, "सोमवारी सकाळी जातील म्हणतात तपासनीस."

"सोमवारी नाही. आत्ता."

"अहो, असं आत्ता म्हणून..."

"साहेब, चार नंबरवर माझी धाकटी जाऊ बसलीय." हे बोलताना तिचा आवाज फुटला, आणि रकानाबाईचा आवाज फुटलेला त्या कार्यालयात कुणी ऐकला नव्हता. समोरचा कारकून खुर्चीतून उठून उभा राहिला. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोन उचलला. या वेळी ते मोठ्यानं बोलले.

कार्यालयात बसवेना. अर्धी रजा टाकून ती घरी आली. घरी तर त्याहून बसवेना. गॅस पेटवला, विझवला. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. घड्याळ पाहिलं, तर चारला दहा कमी. ती चारची वेळ! कार्डांवरची. धाकटीची पाळी सहाला सुटते. सहापर्यंत जिवात जीव नाही, असं म्हणत ती खिडकी आणि ओटा, ओटा आणि खिडकी अशा येरझाऱ्या घालत राहिली.

सव्वाचारला बाहेरची कडी वाजली.

सव्वाचारला! सहाच्या आत हिचं येणं म्हणजे एकच. धाकटी आत आली. चेहरा पांढरा, आणि उजवा हात पिशवीत मनगटापर्यंत घातलेला.

"हात दाखव," रकानाबाई म्हणाली. पुढे होऊन पुन्हा म्हणाली, "हात दाखव गं!"

धाकटीनं पिशवीतून हात काढला. पाचही बोटं होती. बोटांत तारेचं एक वेटोळं होतं, काळं, तेलकट.

"चार नंबरची," ती म्हणाली. "तपासनिसानं स्वतः कापली. सगळी मशीनं बंद केली, दारं खाली येईपर्यंत चालू नाही करायची म्हणाला. ही मी उचलून आणली." आणि ती मटकन खाली बसली. "मुकादम म्हणाला, तू सोमवारपासून येऊ नकोस."

रकानाबाई तिच्या शेजारी फरशीवर बसली आणि तिचा तो तेलकट हात आपल्या मांडीवर घेऊन ढसाढसा रडली. मग म्हणाली, "रागावलीस?"

"रागावलेली तर आहेच," धाकटी म्हणाली. "पण ते नंतर बघू. मुकादमालाही बघू, तपासनिसानं माझं नाव लिहून घेतलंय. आधी त्या न्हाणीच्या दाराचं रबर काढा. दोन महिने झाले, ते धड लागत नाही. रोज आंघोळीला एका हातानं दार धरून बसते मी!"

रकानाबाईला रडता रडता हसू आलं. तिनं पक्कड आणली. दिरानं खिळे चांगले आठ-दहा ठोकले होते, एकेक ओढून काढावा लागला. धाकटीनं रबराचं दुसरं टोक धरलं. शेवटचा खिळा सुटला, रबर खाली पडलं, आणि दार आपणहून फिरून चौकटीत खटकन बसलं.

दोघींनीही एकदमच हात मागे ओढून घेतले.